दोन वीत लांब, दीड वीत रुंद

मी लाकूड चाटलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितलं तर माझी बायको शर्मिला सांगेल, आणि ती सांगताना जीभ बाहेर काढून दाखवते. त्रेपन्न वर्षांचा, विमा कंपनीत चांगल्या हुद्द्यावर असलेला माणूस कोपरखैरण्यात स्वतःच्या गॅलरीत उभा राहून संध्याकाळी सहा वाजता लाकूड चाटतो, तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असणारच, एवढा भरवसा तुम्ही माझ्यावर ठेवा.

कारण होतं आई. बायजाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, वजन बेचाळीस किलो, राहणार हिंगोलीकडच्या आमच्या गावी, एकटी. गेल्या उन्हाळ्यात ती अंगणात पडली आणि दोन तास कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलेला. "आई, इकडे कायमची ये," असं मी आठवड्यातून तीनदा फोनवर म्हणतो आणि ती "बघू" म्हणते. मागच्या वेळी आली, ती सहाव्या दिवशी पिशवी भरून दारात उभी राहिली. भांडण नाही, तंटा नाही. कुणाला खरं वाटणार नाही, पण आमच्याकडे सासू-सुनेचं मेतकूट आहे, आणि दोघींचं एकमत झालं की ते माझ्याविरुद्धच असतं. जायचं कारण एवढंच, की तिला ओट्याशी उभं राहून भाकरी थापता येईना आणि खाली बसावं तर फरशी गारढोण. "उभ्यानं भाकरी करणं म्हंजे बसस्टँडवर उभं ऱ्हायल्यावानी वाटतं बाबा," ती म्हणाली. "अन् हातपाय धड असताना आयतं किती दिवस खाऊ?" खुर्ची, गादी, योगाची चटई, सगळं देऊन झालं. गेली ती गेलीच.

यंदा मात्र तिचाच फोन आला. "जय भीम. कान्हासंगं फळी धाडलीय. तिचा पाट करून ठेव. दोन वीत लांब, दीड वीत रुंद, चार बोटं उंच. रुंदीला फळी बराबर हाय, तिला हात लावू नको. लांबी तेवढी काप अन् उरल्याचे दोन पाय ठोक. पाटावर बसणं जमलं तर राहीन. नाही जमलं तर जाईन. परतीचं तिकीट काढूनच यायलेय."

कान्हा म्हणजे माझा चुलतभाऊ. तो पहाटे फळी दारात टेकवून, चहा पिऊन, कामाला पनवेलला निघून गेला. फळी काळपट, जाड आणि वजनाला चांगली दणकट होती. शर्मिला शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे तिला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर एका ओळीत लागतं. ती म्हणाली, "सुताराला दे. अर्ध्या तासाचं काम."

आता हे मला लागलं. मी वाशीला दोन दिवसांचं सुतारकामाचं शिबिर केलेलं आहे. प्रमाणपत्र आहे. तिथं मी स्वतःच्या हातानं मोबाइल ठेवायचा स्टँड बनवला होता, आणि एका हातानं धरून ठेवला तर त्यात मोबाइल अजूनही उभा राहतो. शिवाय त्या शिबिरामुळेच मी 'लाकूडवेडे नवी मुंबई' या एकशे बारा माणसांच्या ग्रुपवर होतो. "आईचा पाट सुतार कशाला करेल? मी करीन," मी म्हणालो. शर्मिलानं "बरं" म्हटलं. तिच्या 'बरं'ला आमच्या घरात फार मोठा इतिहास आहे, पण तो पुन्हा कधीतरी.

आधी मोजमाप. फळीची लांबी भरली अडीच फूट. रुंदी मी वितीनं मोजली, तर एक वीत आणि वर जेमतेम एक बोट. आई दीड म्हणाली होती. "वय झालंय गं," मी शर्मिलाला मोठ्या मायेनं सांगितलं, "मोजण्यात चुकते आता." तरी खात्री असावी म्हणून ग्रुपवर विचारलं, वीत म्हणजे नक्की किती? आशुतोषनं लगेच कळवलं, नऊ इंच, म्हणजेच दोनशे अठ्ठावीस पूर्णांक सहा मिलिमीटर. हा आशुतोष उलव्याला राहतो, संगणकातला इंजिनियर आहे आणि त्याच्याकडे जपानी करवती, जर्मन पटाश्या असं सगळं आहे. चार वर्षांत त्यानं एकच वस्तू बनवली आहे, ती म्हणजे ही हत्यारं ठेवायची पेटी. मी माझी वीत पट्टीवर ठेवून पाहिली. बरोब्बर नऊ इंच! मला उगाचच अभिमान वाटला.

तर दोन वीत म्हणजे दीड फूट, पायांना अर्धा फूट, एकूण दोन फूट. फळी अडीच फूट. म्हणजे सहा इंच शिल्लक. मध्यमवर्गीय माणसाच्या हातात कुठलीही गोष्ट शिल्लक राहू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. ती शिल्लक नसती तर मी गुपचूप कापून, ठोकून मोकळा झालो असतो. शिल्लक होती म्हणून मला कुतूहल सुचलं. मी फळीचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, "मित्रांनो, हे लाकूड कुठलं असावं?"

दुपारपर्यंत एक्केचाळीस उत्तरं आली. साग, शिसव, बाभूळ, जांभूळ, ऐन, खैर, लिंब. एकानं नुसतेच हात जोडले होते. एकानं "आधी पॉलिश करा" असं लिहिलं होतं, तो माणूस कुठल्याही फोटोखाली तेच लिहितो. मग ज्ञानेश्वरी मॅडमनी लिहिलं. मॅडम वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, नेरूळच्या. त्या बोलल्या की ग्रुप ऐकतो. "फोटोवरून लाकूड ओळखणं म्हणजे पाठीवरून माणूस ओळखणं. टोकाकडून एक पातळ काप काढा. ब्लेडनं तासा, ओला करा आणि जवळून फोटो पाठवा. छिद्रांची रचना पाहून मी सांगते."

पातळ काप काढणं हे वाचायला सोपं आहे. माझी करवत एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला दोन इंच जाड अशी उतरली. ती सरळ करायला आणखी कापलं. फोटो काढला तर त्यात माझा अंगठाच स्पष्ट आला. तेव्हा नवा काप. तीन इंच गेले आणि मॅडमचं उत्तर आलं, "फोटो अस्पष्ट आहे. पण लाकूड आहे हे निश्चित."

आशुतोष म्हणाला, घनता तपासा. एक चौकोनी तुकडा पाण्यात टाका, बुडतो का पाहा. मी कोपऱ्यातून तुकडा काढला. मग फळी उंदरानं कुरतडल्यासारखी दिसायला लागली, म्हणून उरलेली पट्टीही कापून टोक सारखं केलं. केस कापताना एक बाजू जास्त गेली की न्हावी दुसरी बाजू सारखी करतो, तसंच. तुकडा बादलीत टाकला. बुडाला! मी आनंदानं कळवलं. त्यावर आशुतोष, "ओलसर असेल तर काहीही बुडेल. आधी पूर्ण सुकवून घ्यायला हवं होतं. घरी मायक्रोवेव्ह आहे ना?"

मायक्रोवेव्ह होता. तो आजही आहे, पण त्यात गरम केलेल्या दुधाला अजून खोपटाचा वास येतो. तुकडा सुकला, मग तडकला, मग त्यातून धूर निघाला. शर्मिला शाळेतून आली, तिनं मायक्रोवेव्ह उघडला, बंद केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुताराला दे." मी तिसरा तुकडा कापत होतो. आतापर्यंत आठ इंच गेले होते, पण खरं सांगतो, मी मोजतच नव्हतो. शास्त्रात बुडालेल्या माणसाला फळीचं भान राहत नाही.

मग कुणीतरी लिहिलं, जाळून बघा, राखेच्या रंगावरून हमखास कळतं. राखेला तीन इंच लागले. ते मी गॅलरीत, जुन्या तव्यात, पूर्ण खबरदारी घेऊन जाळत होतो आणि खालून मितेश आला. मितेश ठाकूर आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, मूळचा बोनकोड्याचा, वयानं माझ्या निम्मा आणि नियमांना माझ्या दुप्पट पक्का. राहतो आमच्याच खालच्या फ्लॅटमध्ये.

"काका, धूर कसला?"

"पाट करतोय."

"जाळून?"

मी सगळं समजावलं. तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ काका. पण दोन दिवस करवतीचा आवाज येतोय, कंप्लेंट आलीय. फॉर्म भरायला लागेल." सोसायटीत अशा कामाला एकच फॉर्म आहे, 'अंतर्गत तोडफोड व दुरुस्ती'. कंत्राटदाराचं नाव, स्वतः. कामाचं स्वरूप, पाट. त्यापुढे होतं, स्लॅबवर येणारा प्रस्तावित भार. मितेश पेन रोखून थांबला. मी म्हणालो, "बेचाळीस किलो." त्यानं लिहिलं, बेचाळीस किलो, आणि कंसात 'आई'. खालच्या फ्लॅटधारकाची ना-हरकत हवी होती. ती त्यानं स्वतःच स्वतःला दिली, आणि सेक्रेटरी म्हणून स्वतःचीच सही नीट निरखून पाहिली.

"आमच्या आजोबांना दाखवा ना लाकूड," जाताजाता तो म्हणाला. "ते होड्या बांधायचे. आज जेवायला आलेत."

नामाआजोबा वर आले. ऐंशीच्या पुढचे, पांढरंशुभ्र धोतर, हातात सोन्याचं कडं. खाडीच्या काठानं त्यांची शेतं होती तिथं आता इमारती आहेत, आणि त्यातल्या दोन त्यांच्या आहेत. त्यांनी फळीला टिचकी मारली, वास घेतला, उलटीपालटी केली.

"कनचा लाकूर हाय ह्यो?" त्यांनी मलाच विचारलं.

"तेच तर विचारतोय, आजोबा."

"आमी होरी बांधाचो तवा लाकूर चाटून बगाचो. जिबंला बरोबर कलतं." त्यांनी फळी माझ्यापुढं धरली. "मना आता चव लागं नाय. तू चाट."

मितेश बघत होता. समोरच्या इमारतीतल्या एक बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता थांबल्या होत्या. पण ज्या माणसानं होड्या बांधल्या त्याच्या शब्दाला नाही कसं म्हणायचं? मी चाटली.

"कशी लागली?"

"खारट."

"खारट?" आजोबांचे डोळे चमकले. "मंग ह्यो खारीतला लाकूर. होरीचा! पन्नास वरसं पान्यान व्हता ह्यो."

मी ग्रुपवर टाकलं आणि ग्रुप पेटला. जुन्या गलबताचं लाकूड! खाऱ्या पाण्यात मुरलेलं! जपून वापरा, असं काही परत मिळणार नाही! ज्ञानेश्वरी मॅडमनी एवढंच विचारलं की हिंगोलीला समुद्र कुठून आला. त्यावर आशुतोषनं नदीमार्गे आलं असेल असं सुचवलं, आणि मग गोदावरी कुठल्या समुद्राला मिळते यावर रात्रीपर्यंत चर्चा झाली. पोहोचल्याची पावती म्हणून मी अंगठे पाठवत राहिलो. फार वर्षांनी मला कुणीतरी महत्त्वाचा माणूस समजत होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शनिवारी सकाळी आई येणार. मी ऐटीत पेन्सिल कानाला लावून फळी मोजायला बसलो.

एकोणीस इंच.

पुन्हा मोजली. पट्टी बदलली. शर्मिलाची शाळेतली पट्टी आणली. तिनं स्वतः मोजली. एकोणीस इंच. हवे होते चोवीस. अकरा इंच लाकूड मी चिरून, बुडवून, भाजून, जाळून संपवलं होतं. आणि ज्यासाठी संपवलं ते कळलं होतं का, तर तेही नाही.

खरंच सांगतो, मला स्वतःचा राग आला. आईनं आयुष्यात माझ्याकडे किती गोष्टी मागितल्या असतील? मी बोटांवर मोजू शकतो, आणि बोटं उरतील. एक पाट मागितला. लाकूडसुद्धा स्वतःचं पाठवलं. आता ती येणार, गार फरशीवर चार दिवस बसणार आणि परत त्या घरी एकटी जाणार. शर्मिला माझ्याशेजारी बसली. 'सुताराला दे' असंही म्हणाली नाही, तेव्हा मी समजलो की प्रकरण खरोखरच हाताबाहेर गेलं आहे.

माणूस घाबरला की खोटेपणा करतो. मी वाशीला जाऊन एक तयार पाट आणला. चकचकीत पॉलिश, कडेला पितळी फुलं. उरलेली फळी वॉशिंग मशीनच्या मागे लपवली. ग्रुपवर "काम पूर्ण" असं टाकलं. फोटो मागितले तेव्हा नेट नाही म्हणून सांगितलं.

आई आली. दारातच तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, शर्मिलाला जवळ घेतलं, पाणी प्यायली. मग पिशवीतून रुमालात बांधलेलं, खिडकीवरून काढलेलं रेल्वेचं तिकीट बाहेर काढून दाखवलं. "गुरवारचं हाय. दाव, पाट कुठंय?"

मी पितळी फुलांचा पाट मांडला. आई त्याच्याकडे बघत राहिली. बसली. थोडी घसरली. उठली. "हे कोनाच्या लगनातलं हाय?" तिनं विचारलं. "माझी फळी कुठाय?"

मी तोंड उघडलं, पण शर्मिला आधीच वॉशिंग मशीनपाशी पोहोचली होती. तिनं तो एकोणीस इंची तुकडा आणून आईच्या मांडीवर ठेवला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. काप, बादली, मायक्रोवेव्ह, राख. चाटण्यापाशी अडखळलो, तर ते शर्मिलानं अभिनयासकट सांगितलं.

आईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "अरे लेकरा, शेरडाच्या खोपटाची फळी हाय ती! तुझ्या बापानं बसवलेली. पंधरा वर्सं शेरडं त्यावर उभी ऱ्हायली. खारट न्हाई तर काय गुळमट लागंल?"

मी आत जाऊन तीन वेळा चूळ भरून आलो. ते गलबत, ते खाऱ्या पाण्यातलं मुरणं, सगळं मला आठवत होतं. "पण आई," मी तरीही विचारलं, "झाड कुठलं होतं?"

"मला काय ठावं? लाकूड हाय. बसायचं हाय का चाटायचं हाय?"

"बसायचं. पण आता ते पुरत नाही ना. दोन वीत लांब म्हणालीस, पायांना वेगळं लागतं. पाच इंच कमी पडतंय."

आईनं फळी सरळ ठेवली. आपला उजवा हात तिच्यावर टेकवला, अंगठा टोकाला, करंगळी पुढं. एक वीत. उचलून पुन्हा टेकवला. दोन वीत. करंगळीपाशी तिनं नखानं रेघ मारली. मग हात आडवा केला. एक वीत आणि अर्धी. बरोबर काठाला काठ. "हे झालं पाटाचं," ती म्हणाली. "अन् हे उरलं त्याचे दोन पाय. नेमकं तर कापलंस. कमी कुठं हाय?"

मी रेघेपर्यंत पट्टी लावली. तेरा इंच. आईची दोन वीत म्हणजे तेरा इंच. मी दोन दिवस माझ्याच हातानं मोजत होतो आणि तिला चुकली म्हणत होतो. एकशे बारा माणसांनी वीत मिलिमीटरपर्यंत काढून दिली, पण कुणाची वीत, हे एकानंही विचारलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर तिचा मुलगा. तिची बोटं सांध्यांशी वाकली आहेत, आता पुरती ताणतच नाहीत. याच एका हातानं ती मला उचलून कडेवर घ्यायची. तो हात एवढा लहान कधी झाला, हे मला माहीतच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शर्मिलानं विचारलं तेव्हा मी भुसा गेला म्हणून सांगितलं. घरात त्या दिवशी भुसा अजिबात नव्हता.

पाट तासाभरात झाला. आई सांगत गेली, मी कापत गेलो, खालून मितेश हातोडी घेऊन आला आणि फॉर्मवर 'काम पूर्ण' असा शेरा मारून गेला. सहा खिळे लागले. दुपारी आईनं स्वयंपाकघरात पाट मांडला, एक पाय लांब केला, परात पुढ्यात ओढली आणि पीठ मळायला घेतलं. हात दाबला की पाट टक्क करायचा, उचलला की पुन्हा टक्क. एक पाय जरासा आखूड उतरला होता.

"थांब, मी तासून देतो," मी करवत घेऊन धावलो.

"ठेव ती करवत!" दोघी एकदम ओरडल्या.

आईनं पिठाचे हात पदराला पुसले. बाजूची पिशवी ओढली, रुमालाची गाठ सोडली, आतला कागद काढून त्याची घडी घातली, घडीची घडी घातली आणि ती पाटाच्या आखूड पायाखाली सरकवली. हलवून पाहिलं. पाट जागचा हलला नाही. मग तिनं पिठाचा गोळा उचलला आणि भाकरी थापायला लागली.

रात्री मी ग्रुपवर पाटाचा खरा फोटो टाकला. शेरडांपासून वितीपर्यंत सगळं कबूल केलं. लपवून काय मिळतं हे मला कळलं होतं. आशुतोषनं फोटो मोठा करून पाहिला असावा. "डावा पाय आखूड दिसतोय. डगमगत नाही का?"

"डगमगत होता. खाली कागद घातलाय," मी लिहिलं.

"कसला कागद?"

"आईचं परतीचं तिकीट."

एकशे बारा माणसांच्या त्या ग्रुपवर तीन मिनिटं कुणीच काही बोललं नाही. असं यापूर्वी कधी झालेलं नाही.

मग आशुतोषनं विचारलं, "किती घड्या घातल्यात?"